एक मीटर फ्लेक्सवरची चौदा गावे

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती रेडिओवरून दाखवता येत नाही, ही पहिलीच अडचण. वस्तू म्हणजे संशोधनाचे पोस्टर. त्याला भित्तिपत्रक असा चांगला मराठी शब्द आहे. पण आमची मुले पोस्टरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. विद्यापीठाच्या परिषदेत, संशोधन स्पर्धेत मंडप घालतात, फळ्या उभ्या करतात, त्यावर आपला अभ्यास चिकटवून विद्यार्थी शेजारी उभा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावे, बघावे, विचारावे. एवढीच कल्पना. पण या एवढ्याशा कल्पनेला इतिहास आहे, आणि तो मला एका विद्यार्थिनीमुळे वाचावा लागला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जिवतीहून गडचांदूरकडे घाट उतरणाऱ्या सकाळच्या एसटीत आमची ही विद्यार्थिनी बसली होती. हातात प्लंबरकडून मागून आणलेला पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडांना फडके बांधलेले, आत गुंडाळलेला फ्लेक्स. कंडक्टरने विचारले, ''काय ताई, नळयोजना आली का पहाडावर?'' गाडीतले सगळे हसले. तीही हसली. संध्याकाळी परतताना मात्र हसू नव्हते. परिषदेत दोन तास ती आपल्या पोस्टरजवळ उभी होती. त्या दोन तासांत तिच्यापाशी एकच गृहस्थ थांबले, आणि चहाची व्यवस्था कुठे आहे ते विचारून पुढे गेले.

दोष माझा होता. मार्गदर्शक मी होतो. पोस्टरवर सुमारे अकराशे शब्द होते. निबंधच होता तो, उभा करून टांगलेला. मथळ्यात 'एक ऐतिहासिक, सामाजिक व राजकीय अध्ययन' असे लांबलचक शेपूट. चारी बाजूंनी फ्लेक्सवाल्याने आपल्या हौसेने वेलबुट्टी काढून दिलेली, जी तो वाढदिवसाच्या बॅनरला काढतो. आणि विषय? विषय इतका मोलाचा होता, की तो असा वाया जावा याचे मला आजही वाईट वाटते.

तो विषय आधी सांगतो. जिवती तालुका माणिकगडच्या पहाडावर आहे. खाली सिमेंटचे कारखाने, वर कोलामांचे आणि गोंडांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे, आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या माणसांच्या वस्त्या. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; जिल्हा आदिलाबाद, तालुका राजुरा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि राजुरा तालुका मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९ मध्ये तो नांदेडकडून काढून चांदा जिल्ह्यात घातला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढे राजुऱ्यातून कोरपना आणि जिवती हे तालुके निघाले. पलीकडे २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. या सगळ्या जोडाजोडीत सीमेवरची काही गावे अशी राहिली, की त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा हक्क. कुणी ती बारा मोजतात, कुणी चौदा. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यांतली काही नावे. तिथे मराठी शाळा आहे आणि तेलुगू शाळाही. मतदान दोन्हीकडे. रेशनकार्डही दोन राज्यांची. वर्तमानपत्रांत त्यावर गमतीच्या बातम्या येतात. पण जमिनीचा पट्टा मागायला गेलेल्या माणसाला त्यात गंमत वाटत नाही.

आमची विद्यार्थिनी त्यांतल्याच एका गावची. तिची आजी मराठवाड्यातून आलेली. आपले गाव असे का झाले, हा तिचा प्रश्न. तो तिने कुठून उसना आणलेला नव्हता. पण पोस्टरवर तो सापडत नव्हता. राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन परिच्छेदांखाली कुठेतरी तो दडपून गेला होता.

मग मी शोधायला बसलो, की ही पोस्टरची पद्धत आली कुठून. वाटले होते शतकभर जुनी असेल. तशी ती नाही. युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या महासंघाची १९६९ साली माद्रिदला बैठक भरली, तिथे शोधनिबंध फळ्यांवर लावण्याचा प्रयोग झाला, आणि आंतरराष्ट्रीय परिषदेतले ते पहिले पोस्टर-सत्र मानले जाते. अमेरिकेत ती पद्धत १९७४ मध्ये मिनियापोलिसच्या जीवरसायन आणि जीवभौतिकीच्या परिषदेतून रुजली; 'सायन्स' या साप्ताहिकाने त्याच वर्षी तिची दखल घेतली. कारण साधे होते. निबंध वाढले, तास तेवढेच राहिले. दहा मिनिटांत बोलून खाली बसायचे, पुढच्याने उठायचे, प्रश्नाला वेळच नाही. तेव्हा कुणीतरी म्हटले असणार, की सगळ्यांनी एकाच वेळी उभे राहा आणि ज्याला जे ऐकायचे तो तिथे जाईल.

म्हणजे बघा, पोस्टर निघाले ते वाचण्यासाठी नव्हे. ते निघाले बोलणे व्हावे म्हणून. आम्ही ते विसरलो आणि भिंतीवर निबंध टांगला.

पण १९६९ ही परिषदांची तारीख झाली. अभ्यास भिंतीवर मांडून लोकांपुढे न्यायचा, हे काम त्याआधी एका माणसाने असे करून ठेवले आहे, की आजही ते पाहताना थक्क व्हायला होते. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांविषयी एक दालन होते. अटलांटा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी साठेक तक्ते हाताने काढले, शाई आणि जलरंग वापरून. हातात वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. डू बॉइस स्वतः बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले.

त्यांतला एक तक्ता सांगतो, डोळ्यांपुढे आणा. जवळजवळ सगळा कागद काळा. वरच्या कडेला हिरवी बारीक पट्टी. काळा रंग गुलामांचा, हिरवा स्वतंत्र माणसांचा, डावीकडून उजवीकडे १७९० पासूनची वर्षे. पट्टी बारीकच चालत राहते, आणि उजव्या टोकाशी, अमेरिकेतले यादवी युद्ध येते तिथे, हिरवा रंग एकदम कड्यासारखा तळापर्यंत कोसळतो. बस. कुठलाही परिच्छेद नाही. दुसऱ्या एका तक्त्यात जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या घरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या सामानाची किंमत वर्षागणिक कशी वाढत गेली, ते जिलबीसारख्या वळत जाणाऱ्या पट्ट्यांनी दाखवले आहे. स्वयंपाकघरातली भांडी! कालपर्यंत जे स्वतःच मालमत्ता म्हणून मोजले जात होते, त्यांच्या घरात आता काय आहे, हे त्यांच्याच मुलांनी मोजले आणि जगापुढे टांगले. काही मथळे इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही लिहिले, कारण बघायला येणारे पॅरिसचे होते. या कामाला तिथे सुवर्णपदक मिळाले.

हे वाचल्यावर मी विद्यार्थिनीला बोलावले आणि म्हटले, आपण पुन्हा करू. ती म्हणाली, ''सर, पण आपल्याकडे इतके आकडे कुठे आहेत?'' खरे होते. आमच्याकडे होत्या चार-पाच तारखा, एक नकाशा आणि तिचे घर.

इथे थोडे विषयांतर करतो. चित्र दाखवायचे आणि शेजारी उभे राहून सांगायचे, ही गोष्ट आपल्याला माद्रिदहून शिकायची गरज नव्हती. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर आदिवासी चित्रकथी दाखवतात. सुट्या चित्रांची पोथी असते, एक चित्र पुढे धरायचे, कथा गायची, मग पुढचे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. चित्रावर अक्षर नसते. सांगणारा नसेल तर कथा अर्धीच. आणि आपल्या गोंडांमध्ये तर परधान नुसत्या किंगरीवर कुळांच्या कथा गातात, चित्राचीही गरज नाही. मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिला त्याचा उपयोग झाला. पोस्टरने सगळे सांगायचे नसते, काही माझ्या तोंडी राहू द्यायचे, हे तिला पटले.

आणखी एक उदाहरण जवळचे, गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केले. घरोघरच्या सेवेने तिथले नवजात मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सगळे त्याविषयी बोलतात. मला मात्र त्याआधीचे एक छोटे साधन फार आवडते. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटातल्या श्वासांवरून कळते. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. तेव्हा त्यांनी श्वास मोजण्याचे यंत्र केले: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. मोजणे तेच, शास्त्रही तेच. पण ज्याच्या हाती द्यायचे त्याला कळेल असे. पुढे महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर अहवाल निघाला, त्याचे नाव 'कोवळी पानगळ'. दोन शब्द. मथळा कसा असावा, हे मी मुलांना या दोन शब्दांवरून शिकवतो.

तर दुसरे पोस्टर. आम्ही आधी एक वाक्य ठरवले, आणि त्यातच आठवडा गेला. 'आमचे गाव जागेवरच आहे. सत्तर वर्षे राज्ये ठरत आहेत.' ते मथळा झाले, इतक्या मोठ्या अक्षरांत की बारा फुटांवरून वाचता यावे. मी भिंतीवर कागद लावून व्हरांड्याच्या टोकाशी उभा राहायचो. मला चष्म्याशिवाय दिसले तर पास. खाली तीन उभे भाग. डावीकडे प्रश्न, मध्ये चित्र, उजवीकडे पुरावे: कोणत्या वर्षी काय झाले आणि ते कुठल्या कागदावरून कळले. एकूण शब्द चारशेच्या आत. मोकळी जागा सोडायला ती तयार नव्हती. तिला वाटे, पैसे पूर्ण फ्लेक्सचे दिलेत. शेतात सरी सोडतात ती काय जमीन वाया घालवायला सोडतात का, असे म्हटल्यावर हसली आणि दोन परिच्छेद खोडले.

आता मधले चित्र. तिथे काय असावे, याबद्दल माझी कल्पना ठाम होती: एकाच घरातली दोन रेशनकार्डे, शेजारी शेजारी, मोठा फोटो. यासारखा पुरावा नाही. फोटो काढायला ती घरी गेली आणि तशीच परत आली. आजीने नाही म्हटले होते. ''बाई, तिथं लावू नको. उद्या कोणी येऊन एक कार्ड घेऊन गेलं, तर तुझ्या परिषदेतले लोक मला तांदूळ देणार का?''

मला सुरुवातीला राग आला, कबूल करतो. मग लाज वाटली. आम्ही संशोधनात मोठ्या तोंडाने 'माहितीदात्याची संमती' म्हणतो. आजीची संमती नव्हती, आणि तिचे कारण माझ्या निष्कर्षापेक्षा पक्के होते. ज्याला आपण पुरावा म्हणतो ते कुणाचे तरी महिन्याचे धान्य असते. शेवटी तिने स्वतः चित्र काढले: एक चूल, तिच्या दोन्ही बाजूंना दोन कोरी कार्डे, नाव नाही, नंबर नाही, गावाचेही नाव नाही. खाली सगळ्या गावांचा मिळून एक नकाशा. माझ्या फोटोपेक्षा ते चांगले होते, हेही कबूल करतो.

या पहाडाचा अभ्यास काही आम्ही पहिल्यांदा करत नव्हतो. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले; त्यांचे राजगोंडांवरचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. राजुरा तेव्हा आदिलाबादचाच भाग. पुस्तक मोलाचे आहे, पण इंग्रजीत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल? तरी या माणसाने एक गोष्ट केली. १९४३ मध्ये मारलवाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले, आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. पुढे हायमेंडॉर्फ आणि त्यांची पत्नी दोघांचीही समाधी त्याच गावात झाली. मुलीला मी हे सांगितले ते मोठ्या माणसाचे कौतुक म्हणून नव्हे. गावाचा अभ्यास केला की गावाला काय परत द्यायचे, हा प्रश्न जुना आहे, एवढ्यासाठी.

छपाईचा अनुभवही सांगायला हवा, कारण उत्तम पोस्टरे तिथेच मरतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये चालले. आपल्या संगणकावर नीट दिसणारे पान दुकानाच्या संगणकावर उघडले की 'राजुरा'चे भलतेच काहीतरी होते, जोडाक्षरे तुटतात, रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसतो. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून न्या, आणि छापण्याआधी मथळा स्वतः अक्षर-अक्षर वाचा. लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरे घेऊ नका. वेलबुट्टीला नम्रपणे नाही म्हणा. संयोजकांकडून फळीचे माप आधी लेखी मागून घ्या. कुठे मीटरभर चौरस जागा मिळते, कुठे उभी. आणि खिशात टाचण्या, चिकटपट्टी ठेवा. मोठमोठ्या परिषदांत टाचणीसाठी प्राध्यापकांना धावताना मी पाहिले आहे.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकन संशोधक विद्यार्थ्याने पोस्टरची नवी मांडणी सुचवली आणि ती जगभर गाजली. मधोमध मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, प्रचंड अक्षरांत, तपशील कडेला. विज्ञानाच्या मुलांना मी ती खुशाल वापरा म्हणतो. इतिहासाच्या मुलांना थोडे थांबवतो. इतिहासात निष्कर्ष एकटा मोठ्याने ओरडू लागला की घोषणा होते. पुरावा त्याच्या शेजारी, निदान अर्ध्या उंचीचा तरी, उभा असायला हवा.

पुढच्या वर्षी ती गेली. शेजारी उभे राहून एक मिनिटात काय सांगायचे, याचा सराव तिने एसटीच्या थांब्यावर मैत्रिणींपुढे केला होता. या वेळी लोक थांबले. चूल पाहून थांबत, मथळा वाचत, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा तोच: ''मग तुम्ही नेमक्या कुठल्या?'' ती म्हणे, ''त्याचंच पोस्टर आहे, सर.'' एका वयस्क प्राध्यापकांनी तिला १९५६ आणि १९५९ मधला फरक विचारला. नांदेडची मधली तीन वर्षे बहुतेकांना माहीतच नसतात. ते अर्धा तास बोलत राहिले. बक्षीस मिळाले नाही. बक्षीस दुसऱ्या एका चांगल्या पोस्टरला मिळाले, तेही मी पाहिले होते आणि ते योग्यच होते.

फ्लेक्स पुन्हा पाइपमध्ये गेला. सहसा अशा पोस्टरांचे पुढे काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे; पावसाळ्यात कुडाच्या भिंतीला आडोसा होतो. हिने तो गावातल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात लावला. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ''पोरी, नाला आमच्या गावाच्या ह्या अंगानं नाही, त्या अंगानं वाहतो.'' विद्यापीठात दोनशे माणसांनी तो नकाशा पाहिला होता. मीही पाहिला होता. तिने पांढऱ्या कागदाची पट्टी कापून चिकटवली आणि त्यावर निळ्या शाईने नाला पुन्हा काढला.

दुपारी तेलुगू शाळा सुटली. पोरे धावत आली, चूल ओळखली, कार्डे ओळखली आणि वर पाहत राहिली. मथळा त्यांना वाचता येईना. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या गुरुजींना विनंती केली. गुरुजींनी शाळेतूनच मार्कर आणला, स्टुलावर चढले आणि मराठी ओळीखाली तीच ओळ तेलुगूत लिहिली. जागा थोडी कमी पडली, शेवटची अक्षरे जरा खाली उतरली आहेत.